तक्त्यांचा धडा

४ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

आमचं लग्न ठरलं तेव्हा तू मला जिन्यात गाठून म्हणाली होतीस, "वहिनी, दादाला कधी काही विचारू नकोस. तो उत्तर देत नाही, शिकवायला बसतो." मला वाटलं, आली नणंद, आतापासूनच मला आपल्या बाजूला ओढतेय. नंतर हे वाक्य विसरून मी किती वेळा फसले ते माझं मला माहीत. प्रिंटर का अडकलाय एवढं विचारावं, तर सुरुवात कागद ओला का होतो इथपासून. एकदा मी त्याला नुसतं घड्याळ पुढे गेलंय का असं विचारलं होतं. पोळ्या करपल्या.

मागच्या आठवड्यात मी ते वाक्य मुद्दाम मोडलं.

झालं असं की मालकांनी आम्हा सगळ्यांना कटिंग मशीनशेजारी उभं करून सांगितलं, छपाईची कामं आता पोटापुरतीसुद्धा येत नाहीत. पत्रकं, माहितीपुस्तिका छापून घेणारी गिऱ्हाइकं वेबसाइट मागतात. तेव्हा छापखाना यापुढे वेबसाइट करणार. मांडणी विभागातल्या आम्ही चौघांनी ते काम शिकायचं, मेअखेर मालकांचा पुतण्या परीक्षा घेणार आणि चौघांतले दोघं राहणार. उरलेल्या दोघांचं काय, ते कोणी विचारलं नाही. मालक चांगले आहेत, म्हणून त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितलं.

बाकीचे तिघे संध्याकाळच्या क्लासला जातात. मला ते शक्य नाही. दिवसभर दादाला सांभाळायला बाई असते, तिची वेळ पाचला संपते. मग एका संध्याकाळी मी त्याला विचारलं, "मला शिकवशील? तुझ्या पुस्तकातून?"

अर्धांगाच्या झटक्यानंतर एवढ्या महिन्यांत तो खुर्चीत पहिल्यांदा ताठ बसला. स्वतःच उठला, काठी न घेता, आणि डाव्या हाताने फळीवरून त्याने स्वतः लिहिलेलं, वेबसाइट करायला शिकवणारं पुस्तक काढलं. अजून तीच निळी प्रत, अर्पणपत्रिकेवर तुझं नाव असलेली. "उजळणी नाही घेणार," म्हणाला, "पहिल्यापासून शिकवणार."

आता मुद्द्याचं. तू हाच विषय शिकवतेस आणि तुमच्या संस्थेच्या ग्रंथालयात कुठली पुस्तकं ठेवायची हेही तूच ठरवतेस. मला सरळ सांग, दादाच्या पुस्तकातून मी शिकले तर परीक्षेत टिकेन का? फोन करू नकोस, तो शेजारीच बसलेला असतो. उत्तर छापखान्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझी वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

हाताने पत्र लिहून कित्येक वर्षं झाली, अक्षर चालवून घे.

सरळ सांग म्हणालीस, म्हणून सरळ सांगते. नाही टिकणार. दादाचं पुस्तक मी आमच्या फळीवरून दोन वर्षांपूर्वी काढलं. दुसऱ्या कोणाला काढू दिलं नाही, एवढीच माया दाखवली.

माझी परीक्षा साधी आहे. प्रस्तावना वाचायची नाही. पुस्तक मधेच कुठेतरी उघडायचं, समोर येईल ते उदाहरण जसं छापलंय तसं टाइप करायचं. चाललं तर ठेवायचं, नाही चाललं तर काढायचं. आपल्या विषयात पुस्तकाची शाई वाळेपर्यंत निम्मं बदललेलं असतं. दादाच्या पुस्तकात सहाव्या धड्यापासून पुढे सगळं पान रकाने आणि ओळींच्या तक्त्यांवर उभं केलंय. डावीकडची यादी तक्त्यात, मजकूर तक्त्यात, तक्त्याच्या पोटात आणखी तक्ता. तेव्हा सगळं जग तसंच करायचं. आता तसं केलं तर फोनवर ते पान उघडून बघणारा माणूस दोन बोटांनी ओढत बसतो आणि कंटाळून निघून जातो. तुझा तो पुतण्या पहिल्याच मिनिटाला बघेल.

गेल्या महिन्यात नवीन पुस्तकांचा ढीग आला होता, तोही तपासला. एक एवढं जाड की दार अडवायला बरं. एक दर पानावर 'हे अगदी सोपं आहे' म्हणतं. ते पुस्तक वाचून मुली रडत माझ्याकडे येतात, कारण सोपंही जमलं नाही असं त्यांना वाटतं. एकात नुसती चित्रं. एक मात्र बारीकसं आहे. लिहिणारी बाई कुठेतरी शिकवत असावी, कारण शिकणारा कुठे अडेल ते तिला अडायच्या आधी ठाऊक असतं. ते तुला आजच पाठवतेय.

दादाला स्पष्ट सांग. तो शिक्षक आहे, त्याला राग येणार नाही. मला त्यानेच शिकवलंय की जुनं झालं की पुसायचं. खोडरबर हे नाव काय उगाच ठेवलं त्याने?

तुझी


९ मार्च

प्रिय खोडरबर,

पुस्तक पोचलं. मी ते लपवलं नाही, टेबलावर ठेवलं. दादाने उलटसुलट करून पाहिलं, तुझं अक्षर ओळखलं आणि म्हणाला, "बघू या पोरीने काय निवडलंय."

तुझ्याच पद्धतीने पाहिलं. मधेच उघडलं. तीन चौकटी शेजारी शेजारी मांडायचं उदाहरण निघालं. मी छापल्याबरहुकूम टाइप केलं. चौकटी आल्या एकाखाली एक, जिन्यासारख्या. मी परत टाइप केलं. मग दादाने अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं, स्वल्पविरामसुद्धा, आणि मी पडद्याशी ताडून पाहिलं. वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईची चूक काढायला तुला लवकर उठावं लागेल. काही चुकलेलं नव्हतं आणि चौकटी एकाखाली एकच.

दुसरं उदाहरण घेतलं. त्याचीही तीच तऱ्हा. तिसऱ्यात तर सगळा मजकूर डावीकडे गोळा झाला.

दादाने पेन्सिल मागितली आणि डाव्या हाताने समासात लिहिलं, 'घाईत छापलेलं दिसतं.' अक्षर वेडंवाकडं आहे, पण किती महिन्यांनी त्याने काही लिहिलं. त्याने तुला निरोप दिलाय की लेखिकेला कळव, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करायला सांग, आणि चांगल्या शब्दांत कळव, तुझ्या शब्दांत नको.

याउलट त्याच्या पुस्तकातलं एकही उदाहरण अडलेलं नाही. आम्ही सातव्या धड्यात आहोत, तक्त्यांच्या. यादी डावीकडे, मजकूर मधे, सगळं जागच्या जागी. तेव्हा तुझ्या परीक्षेप्रमाणे दादाचं पुस्तक ठेवायचं आणि तुझं काढायचं. हे मी त्याला म्हटलं तर तो हसला. हसताना अजून एकाच बाजूने हसतो, पण हसला.

रागावू नकोस. पण धाकट्या बहिणीला मोठ्या भावाचं पुस्तक थोडं जास्त कडक तपासावंसं वाटतं का, असं मनात आलं खरं.

तुझी वहिनी


१५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वर्गाबाहेरच्या बाकावर वाचलं आणि रागावले. मग मशीनवर बसून तीच तिन्ही उदाहरणं टाइप केली. तिन्ही चालतात. शेजारच्या मशीनवर केली, माझ्या फोनवर पाहिली. चौकटी शेजारी शेजारी.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही बसता तो कॉम्प्युटर कुठला? बाहेरच्या खोलीतला तोच ना, ज्यावर दादाने पुस्तक लिहिलं? पंख्याचा आवाज करणारा? वहिनी, तो आणि पुस्तक एका वयाचे आहेत. त्यातला ब्राउझर, म्हणजे पान उघडून दाखवतो तो प्रोग्रॅम, त्या काळातला आहे. त्याला नवीन काही वाचताच येत नाही. म्हणून त्या खोलीत दादाचं पुस्तक बरोबर आणि नवीन पुस्तक चूक. खोलीच्या बाहेर पाऊल टाकलंस की उलटं. माझी परीक्षा कुठल्या मशीनवर घ्यायची, हे मी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी.

उपाय सोपा आहे. एखाद्या माणसाला बोलावून सगळं नवीन घालून घे. नाहीतर मी माझा जुना लॅपटॉप पाठवते.

पण मला दुसरंच खटकतंय. हे दादाच्या लक्षात कसं आलं नाही? चूक दिसली तर आधी ती कशावर चालवतोय ते बघा, हे वाक्य त्याच्या स्वतःच्या पुस्तकात दुसऱ्या धड्यात आहे. मला त्यानेच ते पाठ करायला लावलं होतं. माणसं मुद्दाम चुकीचं छापत नाहीत, असं म्हणून तो आधी यंत्र बघायचा. त्याने लेखिकेला दोष दिला? त्याने?

वहिनी, दादा बरा आहे ना? हात-पाय सोडून बाकीचं विचारतेय.

तुझी


२० एप्रिल

प्रिय खोडरबर,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही. तुझे दोन फोन आले, तेव्हा मी त्यालाच बोलायला दिलं आणि कामाचं निमित्त करून आत गेले. तू ओळखलंच असशील.

तो बरा नाही. हात आणि पाय तू व्हिडिओ फोनवर पाहिलेस. जे दिसत नाही ते मी दाखवलं नाही. जुनं सगळं शाबूत आहे. तुझ्या दहावीचे मार्क विषयवार सांगतो. नवीन काही डोक्यात थांबत नाही. तू घर बदललंस हे तू त्याला सांगितलंस, तो खूश झाला, खिडक्या कुठल्या बाजूला आहेत विचारलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, खोडरबर अजून त्याच कोंदट खोलीत राहते का? मी परत सांगितलं. तो परत खूश झाला. आता मी दर वेळी नव्याने सांगते. निदान ही बातमी चांगली आहे.

कॉम्प्युटर जुना आहे हे मला ठाऊक होतं. तुझं पत्र वाचल्यावर एका क्षणात कळलं, आणि थोडं आधीही कळत होतं. झटक्यानंतर मीच एका माणसाला बोलावून सगळं नवीन घालून घेतलं होतं, त्याला सोपं जावं म्हणून. दादा त्याच्यासमोर बसला. माउसवर हात ठेवून दुपारभर बसून राहिला. आपल्याच घरात यावं आणि दारं दुसऱ्या भिंतींत असावीत, तसा. शेवटी मला हाक मारून म्हणाला, "हा कोणाचा आहे? परत देऊन टाक." त्या माणसाला मी परत बोलावलं, होतं तसं करून घेतलं आणि इंटरनेटची वायर स्वतःच्या हाताने काढून ठेवली.

तेव्हा लॅपटॉप पाठवू नकोस.

आता मी काय करते ते सांगते. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून छापखान्याच्या मशीनवर तुझ्या बारीक पुस्तकातून शिकते. तू म्हणतेस तसंच आहे ते, लिहिणारी बाई शहाणी आहे. संध्याकाळी घरी दादाच्या पुस्तकातून तक्ते. दुपारी जे शिकले ते संध्याकाळी विसरायचं आणि संध्याकाळचं दुपारी. बोटांना हे समजत नाही. परवा छापखान्यात मी न कळत तक्त्यात तक्ता घातला. पुतण्या मागे उभा होता. "काकू, हे कुठल्या काळातलं?" म्हणाला. वाईट मुलगा नाही, खरंच विचारत होता. त्याच संध्याकाळी घरी मी नवीन पद्धतीने लिहून बसले आणि दादा म्हणाला, "चूक. नीट बघ." पडद्यावर खरोखरच चूक होती. त्या पडद्यावर तोच बरोबर असतो.

शिकवणं बंद का करत नाही, असं तू विचारशील. पाचला सांभाळणारी बाई गेल्यापासून जेवणापर्यंत तो आजारी नसतो. कालच्या धड्याची खूण मी पानात घालून ठेवते, ते उघडलं की त्याला सगळं पुढचं येतं. आवाजसुद्धा पूर्वीचा येतो. मला फक्त एकच वाटतं की या वयात एक परीक्षा पुरे झाली असती. मी फार दमलेय गं.

तुझी वहिनी


२६ एप्रिल

वहिनी,

पत्र चार वेळा वाचलं. घराच्या खिडक्यांचं वाचून पुढे वाचवेना.

आधी कामाचं. महिना उरलाय. बारीक पुस्तकातले शेवटचे दोन धडे सोडून दे, पुतण्या तिथपर्यंत जाणार नाही. चौकट, रांग, फोनवर पान कसं आकसतं, एवढं घोटून घे. आणि संध्याकाळचे धडे परीक्षेपर्यंत थांबव. मी परीक्षक असते तर तक्त्यात तक्ता बघून तुला काढून टाकलं असतं.

आता दुसरं. तू करतेस ते मला कळतं, पण पटत नाही. बरोबर दिसतंय म्हणून चुकीचं चालू ठेवायचं नाही, हे दादानेच माझ्या डोक्यात घातलंय. कोणीतरी आपल्याला बरं वाटावं म्हणून मान डोलावतंय हे पूर्वीच्या दादाला कळलं असतं, तर तो किती दिवस बोलला नसता ते आठव. त्याला एकदा नीट समजावून सांग. विसरला तर परत सांग.

रजा मिळत नाही असं मी तुम्हाला सांगत आले. रजा मिळते. तो मला चुकीचं काही सांगेल आणि मी त्याच्यासमोर बसून हो म्हणेन, हे मला जमणार नाही. आणि चूक आहे म्हणून सांगणंही जमणार नाही. म्हणून येत नाही.

तुझी


२० जून

प्रिय खोडरबर,

परीक्षा झाली. एका काल्पनिक सायकल दुरुस्तीच्या दुकानासाठी पान करायचं होतं. बाकी तिघांनी बसल्याबरोबर टाइप करायला घेतलं, खोलीत नुसती खडखड. मी आधी कागद घेतला. दादाची ती सवय तुला माहीत आहे, पान आधी पेन्सिलीने काढ आणि जो येणार आहे तो सगळ्यात आधी काय शोधील ते लिही. त्याचा पहिला धडा पूर्ण तोच आहे, त्यात एक ओळ कोड नाही. माझी सायकल रस्त्यात पंक्चर झाली असती, तर मी दुकान उघडं आहे का आणि फोन नंबर काय, एवढंच शोधलं असतं. ते मी सगळ्यात वर ठेवलं. पण कागदावर फार वेळ गेला. खालचा भाग राहिला, रंग राहिले.

पुतण्या म्हणाला, काकूंचं अर्धंच झालंय, पण फोन नंबर एकट्या त्यांच्याच पानावर चटकन दिसतो. मालक म्हणाले, बघू. चार दिवस तसेच गेले आणि मग मला ठेवल्याचं कळलं, सहा महिने चाचणीवर. गेलेल्या दोघांतली एक माझ्या शेजारी बसायची. माझ्यापेक्षा भरभर शिकली होती. तिच्या खुर्चीवर अजून तिची उशी आहे, कोणी उचलत नाही.

तक्ते कुठे आले नाहीत. तुझा निकाल बरोबर होता आणि पहिला धडा तपासताना तू बहुतेक उघडला नव्हतास, कारण तू पुस्तक मधे उघडतेस.

घरी आल्यावर परीक्षेचं सांगितलं, तेव्हा दादाने विचारलं, "माझं पुस्तक कामाला आलं का?" तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, पहिला धडा आला. तो म्हणाला, "आणि सातवा?" मी म्हटलं, सातवा पण. तुला पटणार नाही. मीही दोन दिवस जेवले नाही नीट.

तू सांगितलेलं एकदा करूनही पाहिलं, हे तुला कळवायचं राहिलं होतं. परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी त्याला नीट समजावलं की पुस्तक जुनं झालंय, कॉम्प्युटर जुना आहे, बाहेर सगळं बदललंय. त्याने पूर्ण ऐकलं. मग पुस्तक मिटून मला दिलं आणि म्हणाला, "मग हे घरात कशाला ठेवलंय?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तो खुर्चीत तयार बसलेला, विसरून. खुर्चीत बसलेला बघून मला इतकं हायसं वाटलं की मी चप्पल न काढताच आत गेले. ते परत सांगायला सांगू नकोस. दर वेळी त्याला ते नवीनच असेल.

पण आता माझ्याकडून होत नाही. नव्या कामाला वेळेचं गणित नाही, गिऱ्हाईक संध्याकाळीसुद्धा फोन करतं. गेल्या गुरुवारी मी त्याच्या धड्यात बसल्या बसल्या झोपले. जाग आली तेव्हा तो पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवून थांबला होता. किती वेळ, देव जाणे. रागावला नाही. म्हणाला, "असू दे. उद्या इथूनच." पानात खूण घालायची माझी राहून गेली. दुसऱ्या दिवशी त्याने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली आणि मला ते थांबवायचं बळ नव्हतं.

म्हणून विचारते. रजा मिळते असं तू लिहिलंयस. एक रविवार ये. बाहेरच्या खोलीत, पंख्याचा आवाज करणाऱ्या त्या कॉम्प्युटरसमोर माझ्या जागी बस. खूण मी सातव्या धड्यात घालून ठेवते. चूक दिसेल तिथे हात मांडीखाली ठेव. हो म्हणू नकोस, तुला जमत नाही ना, नको म्हणूस. मान डोलावू नकोस. तो सांगेल ते नुसतं टाइप कर. त्या पडद्यावर ते बरोबरच दिसेल, तेवढं तर तूच मला लिहून दिलंयस.

तू नाही म्हणशील. तुझं पत्र कसं सुरू होईल तेसुद्धा मला दिसतंय. तरी ये. आणि आल्यावर, मी स्वयंपाकघरात असेन तेव्हा, त्याला काहीतरी विचार.

तुझी वहिनी